श्रूजबरीच्या घरातली बिडाची चूल : चौदा महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडमध्ये श्रूजबरीला जुनं घर घेतलं, आणि घराबरोबर ही चूल आली. जुन्या धुराड्याच्या कोनाड्यात बसवलेली, क्रीम रंगाचं एनॅमल चढवलेली, चारेकशे किलो वजनाची बिडाची चूल. वर दोन गोल जाड झाकणं, समोर दारं, आणि आच कमी-जास्त करायला एकही बटण नाही. स्वयंपाकाच्या वेळी ती पेटवायची नसते, ती पेटलेलीच असते. पोटात गॅसचा बर्नर असतो, थर्मोस्टॅट त्याला लहान-मोठा करत राहतो, ती उष्णता बिडात साठते आणि आपण त्या साठ्यावर स्वयंपाक करतो. तांत्रिक नाव हीट स्टोरेज कुकर. इथे सगळे सरसकट आगा म्हणतात, कारण त्या नावाची चूल या जातीत पहिली.

पहिले दोन महिने माझं तिच्याशी जमलं नाही. डिसेंबरात आई साताऱ्याहून आली. तिने दोन्ही झाकणं उघडून तळव्यांनी वरूनच धग घेतली आणि म्हणाली, "अगं, ही डावीकडची चूल आणि हा उजवीकडचा वैल. यात न कळण्यासारखं काय आहे?" आजोळच्या मातीच्या चुलीला शेजारी वैल असायचा. त्याच्याखाली वेगळा जाळ नाही, चुलीच्या आतून येणारी धग तेवढी. चुलीवर उकळी आणायची आणि भांडं वैलावर सरकवायचं. इथे अगदी तेच करायचं असतं. त्या दिवसानंतर मला चूल वापरता यायला लागली.

डावी प्लेट कडक तापलेली, उकळी आणण्यासाठी. उजवी मंद. वरची भट्टी साधारण २४० अंश सेल्सियसला, खालची १२० च्या आसपास. झाकण उघडं राहिलं की साठा भराभर उडतो, म्हणून प्लेटवरचं काम उरकून भांडं भट्टीत सरकवायचं. भाताला डाव्या प्लेटवर उकळी आणते, घट्ट झाकण लावून खालच्या भट्टीत वीस मिनिटं ठेवते. शीत न् शीत मोकळं होतं. तूरडाळ भिजवून, उकळून, दोन तास खालच्या भट्टीत ठेवली की रवीही लागत नाही. राजमा मात्र आधी दहा मिनिटं खळखळ उकळूनच आत ठेवा. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर जात नाही, आणि अशा चुलीवर ही चूक सहज होते. प्रेशर कुकरची शिट्टी डाव्या प्लेटवर येऊ द्यायची, मग कुकर उजवीकडे घ्यायचा. तो भट्टीत कधीच घालायचा नाही. रबरी रिंग आणि दांडे त्या उष्णतेसाठी नसतात.

भाकरी आणि पुरणपोळी थेट उजव्या प्लेटवर होते, तव्याशिवाय. बिडाचा एवढा मोठा, सगळीकडे सारखा तापलेला तवा मला आयुष्यात मिळाला नव्हता. वांगी टोचून वरच्या भट्टीत चाळीस मिनिटं ठेवली की भरिताला तयार, फक्त जाळावरच्या धुराचा वास नाही. गोल बुडाची कढई मात्र निकामी. प्लेटला टेकतं तेवढंच बूड तापतं, त्यामुळे सपाट आणि जड बुडाचीच भांडी लागतात. तळण मी यावर करत नाही. तेल फार तापलं तर खालची आच पटकन कमी करता येत नाही आणि कढईभर गरम तेल उचलून बाजूला घेणं धोक्याचं. दिवाळीच्या चकल्या इंडक्शनवर तळल्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

आपल्या स्वयंपाकात फोडणी असते, आणि फोडणीचा ठसका बंद घरात राहतो. जानेवारीत आम्ही एक इलेक्ट्रिशियन बोलावून चुलीपासून थोड्या अंतरावर चांगला जोरदार एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. चुलीचा धूर कुठून जातो हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. फेब्रुवारीत एका शनिवारी आठ माणसं जेवायला होती. थंडीमुळे दारं-खिडक्या बंद, फॅन दीड-दोन तास चालू. मला डोकं जड वाटत होतं. दमले असेन म्हणून दुर्लक्ष केलं. मग कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजला.

आधी कुणालाच कळेना हा कसला आवाज. नवऱ्याने फॅन आणि चूल बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या, मुलांना घेऊन सगळे बाहेर अंगणात. बाहेरून ०८०० १११ ९९९ हा गॅसचा आपत्कालीन नंबर लावला. माणूस आला, चुलीचा गॅस तोडला, वापरू नये अशी चिठ्ठी लावली. ते लोक धोका थांबवून देतात, दुरुस्ती करत नाहीत. त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेला इंजिनियर बोलवावा लागतो. गॅसचं काम करणाऱ्याची त्या रजिस्टरवर नोंद असणं इथे कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कोणकोणत्या प्रकारची कामं करायला तो पात्र आहे हे लिहिलेलं असतं. ती मागची बाजू बघायची हे मला तेव्हा कळलं.

इंजिनियरने चूल तपासली. आधीच्या मालकांच्या काळातलं सर्व्हिसिंग दोन वर्षांपूर्वीचं, बर्नरवर धूळ आणि कपड्यांचं तंतुमय बारीक लव साचलेलं. त्याने चूल चालू करून तापू दिली, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि धुराची काडी पेटवून धुराड्याच्या जोडाजवळ धरली. फॅन बंद असताना धूर सरळ वर ओढला जात होता. मग त्याने मला फॅन लावायला सांगितलं. तोच धूर थबकला आणि वळून स्वयंपाकघरात यायला लागला. ते दृश्य मी विसरणार नाही.

कारण सोपं आहे. आमची चूल उघड्या धुराड्याची. ती खोलीतलीच हवा घेते आणि जळालेला वायू केवळ गरम असल्यामुळे धुराड्यातून वर चढतो. तो ओढा फार नाजूक. फॅन खोलीतली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि बंद घरात तिला सगळ्यांत मोकळी वाट धुराड्याचीच. त्यात बर्नर मळलेला असेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसगळतीचा जो वास आपण ओळखतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. इथे नाकाचा काही उपयोग नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणं फ्लूसारखी, फक्त ताप नसतो आणि घराबाहेर गेलं की बरं वाटतं.

अलार्मबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ईएन ५०२९१ या मानकाचा अलार्म हवेत दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर एक ते दीड तासाने वाजतो, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत. म्हणजे थोडं थोडं प्रमाण असेल तर तो बराच वेळ गप्प राहतो. आम्ही आता आकडा दाखवणारा अलार्म घेतला आहे, आणि दर आठवड्याला चाचणीचं बटण दाबतो. त्यांनाही मुदत असते. मागे छापलेली तारीख बघा. आमचा जुना अलार्म मुदतीच्या शेवटच्या वर्षात होता.

तो मोठा फॅन काढला. त्याऐवजी फोडणीपुरती खिडकी उघडते, फेब्रुवारीतही उघडते. ज्यांच्या चुलीला बंदिस्त, म्हणजे बाहेरूनच हवा घेऊन बाहेरच सोडणारी नळी आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. पण आपल्याकडे कोणती आहे हे आधी माहीत हवं, आणि नवा फॅन किंवा त्याच खोलीत दुसरं काही जळणारं उपकरण आणलं तर इंजिनियरकडून धुराच्या काडीची परीक्षा करून घ्यायलाच हवी. भिंतीतली हवेची जाळी थंड वारा येतो म्हणून पुठ्ठ्याने बंद करू नका. इथल्या हिवाळ्यात तो मोह सगळ्यांना होतो. आमच्या ओळखीच्या दोन घरांत मी स्वतः पुठ्ठे काढले आहेत. वसंतात जॅकडॉ नावाचे छोटे कावळे धुराड्यात काटक्या टाकून घरटी करतात. आमच्या धुराड्यावर आता जाळीची टोपी आहे.

सर्व्हिसिंग वर्षातून एकदा. आदल्या संध्याकाळी चूल बंद करायची, कारण एवढं बीड निवायला रात्रभर लागते आणि तापलेल्या चुलीला इंजिनियर हात लावू शकत नाही. जे भाड्याने राहतात त्यांच्यासाठी : दरवर्षी गॅसची तपासणी करून घेणं घरमालकावर १९९८ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि त्याची नोंद तुम्हाला २८ दिवसांत मिळायला हवी. नवीन आलेली आपली मुलं संकोचतात. मागा.

वाऱ्याच्या रात्री दोनदा पायलट ज्योत, म्हणजे बर्नर पेटवणारी कायम तेवती छोटी ज्योत, विझली. सकाळी समोरच्या उष्णतेच्या दर्शकातली रेघ खाली उतरलेली दिसली, प्लेटवर हात नेला तर नुसती कोमट. ज्योत गेली की तिची धग ओळखणारा थर्मोकपल गार होतो आणि गॅस आपोआप बंद होतो, त्यामुळे घाबरायचं नाही. पण लगेच पेटवायचंही नाही. निदान तीन मिनिटं थांबायचं, वास नाही याची खात्री करायची, मग पुस्तिकेप्रमाणे पेटवायचं. वास असेल तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता मीटरजवळचा कॉक बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन तोच नंबर. वारंवार विझायला लागली तर पुन्हा पुन्हा पेटवत बसू नका, इंजिनियरला बोलवा.

स्वच्छतेत फारसं काही नाही. वरच्या भट्टीत सांडलेलं जळून कोळसा होतं, ते ब्रशने झाडायचं. दारं पाण्यात बुडवायची नाहीत, आत उष्णतारोधक भरण असतं. एनॅमलवर आंबट काही राहू द्यायचं नाही. माझ्या हातून चिंचेचा कोळ सांडला आणि रात्रभर राहिला, तिथली चकाकी गेली ती गेलीच. पुढच्या दांडीवर फडकी वाळतात, पण बर्नरच्या दारासमोर लोंबू देत नाही. ते लव तिथूनच आत गेलं होतं.

खर्चाचं खरं सांगते. जुलैत दहा दिवस पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर बंद ठेवून मीटर वाचला. नुसत्या चुलीला दिवसाला ५५ ते ६० युनिट, म्हणजे किलोवॉट-तास. आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरात जेवढी उष्णता असते, तेवढी ही साडेतीन दिवसांत वापरते. आमच्या दराने महिन्याला शंभर पौंडांच्या आसपास. हिवाळ्यात ती अख्खा खालचा मजला उबदार ठेवते, दही लावलेलं भांडं शेजारी ठेवलं की बाहेर बर्फ असतानाही सकाळी घट्ट, मुलांचे मोजे वाळलेले. उन्हाळ्यात मात्र तेच स्वयंपाकघर असह्य होतं. त्यामुळे मीटर वाचून झाल्यावर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर आम्ही ती बंद ठेवली, दारं थोडी किलकिली ठेवून, आत दमट होऊन गंज चढू नये म्हणून. परत तापायला जवळजवळ पूर्ण दिवस लागला. ज्यांचा स्वयंपाक दिवसातून एकदाच आणि तोही घाईत होतो, त्यांनी साधा हॉब, म्हणजे ओट्यावरची शेगडी, घ्यावा असं मी मनापासून सांगेन.

सप्टेंबरात आम्ही मुलांना घेऊन कोलब्रुकडेलला गेलो, घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने दगडी कोळशाच्या कोकवर खनिजापासून लोखंड गाळलं ते हे खोरं, आणि आगाच्या चुलींचे ओतीव भागही कितीतरी वर्षं इथेच ओतले जात. तो कारखाना २०१७ मध्ये बंद झाला. मुलीने विचारलं, ही चूल शोधली कुणी? स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी, १९२२ मध्ये. दीपगृहांच्या गॅसच्या दिव्यांसाठी आपोआप चालणारे नियामक बनवल्याबद्दल त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक घ्यायला त्यांचा भाऊ गेला. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी ही चूल कधी पाहिलीच नाही?"

परवा पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख घेतली, २ मार्च. आदल्या संध्याकाळी चूल बंद, आणि त्या रात्री इंडक्शनवर पिठलं.