नायलॉनची वाघर: माण-जतच्या माळावर कितपत चालते?

वाघर म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायचं जाळ्याचं कुंपण. बाजारात किलोवर मिळणारं नायलॉनचं जाळं सुती वाघरीपेक्षा हलकं असतं आणि पावसात कुजत नाही. पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढ्या बसवताना रोज जागा बदलावी लागते, तरच लेंडी आणि मूत रानभर पडतं. त्यामुळे हलकेपणाला मोल आहे. घ्यायला हरकत नाही, पण जाळं नीट पारखून.

मोठ्या मेंढीला रात्री साधारण 10 चौरस फूट जागा धरा. 100 मेंढ्यांना 32 बाय 32 फुटांचा चौक, म्हणजे 128 फूट घेर. टोकं एकमेकांवर घ्यायला 140 फूट जाळं लागतं. उंची 4 फूट पुरते. जतकडच्या माडग्याळ या उंच जातीच्या मेंढीला साडेचार बरी.

खरी अडचण भोकांची. सरसकट 4 इंची भोकांचं जाळं स्वस्त पडतं, पण त्यात कोकराचं डोकं जातं आणि मागं घेता येत नाही. खालचा दीड फूट 2 इंची भोकांचाच हवा. कळपात शिंगाच्या शेळ्या असतील तर त्यांना वेगळं बांधावं. शिंग अडकलं की शेळी हिसके देत पूर्ण बाजू पाडते. माडग्याळ बिनशिंगी, तिचा हा त्रास नाही. गाठ ओढून बघा, सरकली तर ते जाळं घेऊच नका.

मेखा दर 6 फुटांवर. मुरमाड माळात लाकडी मेख फुटते. 12 मिलिमीटरची सळई घ्या आणि आधी पहारीनं भोक पाडा. काळ्या ओल्या रानात हीच सळई कलते, तिथं कोपऱ्यांना बाहेरून ताण द्यावाच लागतो. भिजलं की नायलॉन सैल पडतं, म्हणून पावसाळ्यात संध्याकाळी ताण पुन्हा ओढायचा.

नायलॉनला मारतं ते ऊन. मेंढ्या चरायला सुटल्या की जाळं गुंडाळून पोत्यात घाला. रोज दिवसभर उन्हात उभं राहिलेलं जाळं हळूहळू ठिसूळ होऊन हातानं तुटतं. पावसाळा सरता माळावर कुसळी गवत पिकतं, त्याची टोकदार कुसळं विणीत रुततात आणि मेंढीच्या लोकरीत, कातडीत जातात. गुंडाळण्याआधी झटकणं चुकवू नये. चुलीपासूनही लांब ठेवा, ठिणगीनं लगेच वितळतं.

लांडगा मात्र या जाळ्यानं थांबत नाही. त्याच्या वासानं बिथरलेला कळप एका बाजूला रेटला की मेखा उपटतात. कुत्री आणि राखण लागतेच.