चॅट बंद केल्यावर काय थांबतं, काय थांबत नाही: काही महिन्यांच्या वापरानंतर

टीम गेममध्ये चॅटवर बंधनं आली की शिवीगाळ कमी होते का? कानावर आणि डोळ्यासमोर येणारा त्रास नक्की कमी होतो. त्रास देणारा माणूस मात्र फार कमी वेळा बदलतो. व्हॅलोरंट, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), डोटा 2 आणि रॉकेट लीग या चार गेममध्ये ही बंधनं काही महिने वापरून पाहिल्यावरचं हे मत आहे. खेळणारे संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडकडचे, सर्व्हर बहुतेक मुंबईचा आणि बोलणं मराठी, हिंदी, दखनी असं मिसळलेलं. भाषेचा मुद्दा मुद्दाम सांगतोय, कारण या बंधनांचं यश त्यावर बरंच अवलंबून आहे.

आधी एक घोळ मिटवू. चॅट बंद असं म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक, तुम्ही स्वतः समोरच्याला म्यूट करता. दोन, रिपोर्ट झाल्यावर कंपनी एखाद्याचं चॅट काही काळ काढून घेते. तीन, गेममध्ये मुळातच मोकळं लिहायची सोय नसते, फक्त ठरावीक वाक्यं किंवा पिंग (एका बटणाने टीमला दाखवायची खूण) असतात. तिन्हींचा परिणाम वेगळा आहे.

सगळ्यात उपयोगी ठरतं ते पहिलं, आणि तेही मॅच सुरू व्हायच्या आधी लावलं तर. शिवी ऐकून झाल्यावर म्यूट केलं तरी पुढचे दोन-तीन राउंड डोकं ठिकाणावर नसतं. व्हॅलोरंटमध्ये एस्केप दाबून मॅचच्या टॅबमध्ये गेलं की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे व्हॉइस आणि टेक्स्ट वेगवेगळं बंद करता येतं. अनोळखी लोकांबरोबर खेळताना टेक्स्ट आधीच बंद करावं, व्हॉइस पहिले दोन राउंड चालू ठेवून अंदाज घ्यावा. उलटं करू नका. व्हॉइसवर माणूस राउंड चालू असताना माहिती देतो. टेक्स्ट लिहायला हात मोकळे लागतात, म्हणजे लिहिणारा बहुतेक वेळा मेलेला असतो आणि तुम्ही कसं खेळताय यावर शेरे मारत असतो. बीजीएमआयमध्ये टीममेटच्या नावाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर टॅप केलं की तेवढा एकच आवाज बंद होतो. तिथे व्हॉइस चॅनल 'ऑल' वर राहिलेलं नाही ना, हे जरूर बघा. ते तसं असेल तर जवळपासचे विरोधीही तुमचं बोलणं ऐकतात, आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात.

म्यूट करताना पिंग मात्र चालू ठेवा. 'बी वर दोन, स्पाइक दिसला', म्हणजे बी या जागेवर दोन शत्रू आणि बॉम्ब दिसला, एवढी एक ओळ हुकली की राउंड जातो, पण तेवढं पिंगवरही सांगता येतं. व्हॅलोरंटमध्ये मूळ सेटिंगला झेड दाबून पिंग टाकता येतो, दाबून धरला की चक्र उघडतं. 'मदत हवी', 'इथे शत्रू', 'मी लक्ष ठेवतोय' एवढ्यावर पाच अनोळखी माणसं बऱ्यापैकी खेळतात. ज्यांनी सगळंच बंद केलं त्यांना शिव्या कमी मिळाल्या खऱ्या, पण 'ऐकत नाहीस का बे' म्हणून रिपोर्ट जास्त मिळाले.

तिसऱ्या प्रकाराकडून, म्हणजे ठरावीक वाक्यांकडून, लोकांच्या फार अपेक्षा असतात. लिहायलाच मिळालं नाही तर शिवी कशी देणार, असं वाटतं. रॉकेट लीग खेळून बघा. तिथे 'व्हॉट अ सेव्ह!' हे कौतुकाचं वाक्य आहे, पण तुमच्या हातून गोल सुटला की तेच तीनदा येतं आणि शिवीपेक्षा जास्त झोंबतं. फार वेळा पाठवलं की गेम काही सेकंद चॅट रोखतो, पण तोवर काम झालेलं असतं. क्लॅश रोयालच्या सामन्यात तर लिहिण्याची सोयच नव्हती, फक्त इमोट, म्हणजे राजाची तोंडं आणि काही ठरावीक वाक्यं होती. तरी 2016 मध्ये गेम आल्यावर काही महिन्यांतच इमोट बंद करायचं बटण द्यावं लागलं. लीग ऑफ लेजेंड्समध्ये प्रश्नचिन्हाचा पिंग शत्रू दिसेनासा झाल्याचं सांगायला ठेवलाय, आणि लोक तो मेलेल्या टीममेटच्या अंगावर टाकतात. मोकळी राहिलेली कुठलीही वाट राग बाहेर काढायला वापरली जाते. तरीही हा प्रकार मला वाईट वाटत नाही. टोमणा बसतो, पण जात, आई-बहीण आणि गाव त्यात येऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या चॅटमध्ये जखम तिथेच होते.

आता भाषेचं. शब्द गाळणारे फिल्टर इंग्रजी शिव्या चटकन पकडतात, देवनागरीतल्याही काही पकडतात. पण गेममध्ये मराठी लिहिली जाते रोमन अक्षरांत, आणि तिथे एकाच शिवीची पाच-सहा स्पेलिंग सहज होतात. एक स्वर वाढवला, एक अक्षर दोनदा टाकलं, मध्ये टिंब दिलं की शब्द सुटला. उलट साधे शब्द अडकतात. 'सुगंधा' हे नाव रोमनमध्ये लिहिलं की मधली चार अक्षरं शिवीसारखी दिसतात, आणि शब्दाच्या पोटात बघणारा फिल्टर पुढचा 'एच' न वाचताच तारे टाकतो. जातीवाचक बोलण्याचं तर विचारूच नका. त्यात अनेकदा शिवीचा शब्दच नसतो. एखादं आडनाव, एखाद्या वस्तीचं नाव किंवा एखादी घोषणा ठरावीक सुरात टाकली की इथल्या माणसाला नेमकं कळतं आणि यंत्राला काहीच कळत नाही. बोलीची टिंगलही तशीच. 'कुठं जायलास', 'काय करायलाव' असं सहज तोंडून गेलं की समोरून नक्कल सुरू होते, 'गावठी' हा शब्द दहा वेळा येतो. कोणताही फिल्टर हे थांबवू शकत नाही. उदगीरचा किंवा वसमतचा पोरगा मग माइक बंद करून बसतो, नाहीतर उसन्या पुणेरीत बोलायला लागतो. याचा मनापासून राग येतो.

यावर अर्धा उपाय आहे. व्हॅलोरंटमध्ये स्वतःची म्यूट शब्दांची यादी करता येते. त्यात रोमनमधली प्रत्येक स्पेलिंग वेगळी टाका, एक टाकली म्हणून बाकीची आपोआप येत नाहीत. दर आठवड्याला दोन-चार वाढवत गेलं की महिन्याभरात यादी कामाची होते. ती फक्त टेक्स्टवर चालते, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या प्रकारावर, म्हणजे शिक्षा म्हणून येणाऱ्या चॅटबंदीवर, सगळ्यात जास्त वाद होतात. लीग ऑफ लेजेंड्समधली बराच काळ चाललेली पायरी अशी होती: आधी 10 मॅच मोजकेच संदेश, मग 25 मॅच, मग 14 दिवस खातं बंद, मग कायमचं. यातली मॅच मोजण्याची पद्धत दिवस मोजण्यापेक्षा चांगली आहे. 72 तासांची बंदी आली तर माणूस गावाकडे लग्नाला जाऊन येतो किंवा दुसऱ्या खात्यावर खेळतो, आणि बंदी आपोआप संपते. मॅच मोजल्या तर त्याच खात्यावर गप्प बसून खेळावं लागतं.

लीग आणि व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीने काही वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेली माहिती इथे महत्त्वाची आहे. लीगमध्ये सतत विषारी वागणारे खेळाडू साधारण 1 टक्का निघाले, पण एकूण विषारी वागण्यातला त्यांचा वाटा जेमतेम 5 टक्के होता. उरलेलं बहुतेक एरवी बरं वागणाऱ्यांकडून, एखाद्या वाईट दिवशी आलेलं होतं. अशा लोकांवर छोटी चॅटबंदी छान चालते. आपल्याला का अडवलं हे, पुराव्यासकट, कळलं तर सुधारण्याचं प्रमाण वाढतं, हेही त्यांना दिसलं. विरोधी टीमशी चॅट मुळात बंद ठेवून, हवं त्याने चालू करावं, असा प्रयोगही त्यांनी केला. आठवडाभरात वाईट बोलणं 30 टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं बोलणं तितकंच वाढलं, आणि चॅटचा एकूण वापर फारसा कमी झाला नाही. मला यातून एवढंच दिसतं की शिवी आणि हात यांच्यात एक जास्तीचं बटण आलं तरी बरेच जण थांबतात.

पण याची दुसरी बाजूही त्याच कंपनीने सांगितली आहे. 2022 च्या जानेवारीत व्हॅलोरंटमध्ये 4 लाखांहून जास्त चॅट आणि व्हॉइस बंद्या घातल्या गेल्या. तरी छळ किती वेळा वाट्याला येतो, या प्रश्नावरची खेळाडूंची उत्तरं फारशी सुधारली नव्हती.

असं का, ते इथल्या खेळण्यात रोज दिसतं. चार मित्र डिस्कॉर्डवर (गेमबाहेर बोलायचं ॲप) आणि पाचवा अनोळखी, ही आपल्याकडची नेहमीची टीम. त्या चौघांचं गेममधलं चॅट काढून घेतलं तरी त्यांचं बोलणं सुरूच राहतं, एकटा पडतो तो पाचवा. गेमिंग कॅफेत तर पाचही जण शेजारी बसलेले असतात, तिथे चॅटबंदीला काही अर्थच उरत नाही. शिवाय तोंड बंद झालं की राग हातात उतरतो. व्हॅलोरंटमध्ये सेज या पात्राची भिंत आपल्याच टीमच्या दारात उभी राहते. बीजीएमआयमध्ये टीममेटच्या पायाशी मोलोटोव्ह (पेटती बाटली) पडतो, गाडी मुद्दाम दरीत जाते, जखमी माणसाला उचलायला कुणी येत नाही. डोटात कुणी कोपऱ्यात उभं राहून वेळ काढतो. यात एकही शब्द नसतो, त्यामुळे चॅटची शिक्षा इथे लागू होत नाही.

म्हणून शिक्षा खेळाडूला हव्या असलेल्या गोष्टीला लागली पाहिजे, म्हणजे रँकला. डोटा 2 ने 2023 मध्ये वागण्याचा आणि बोलण्याचा स्कोअर वेगळा केला, दोन्ही 12,000 पर्यंत. बोलण्याचा खाली गेला की बोलण्याच्या सोयी जातात, वागण्याचा गेला की सामन्याचे साथीदारही तसेच मिळतात. चारही गेममध्ये मला हीच पद्धत सगळ्यात नीट वाटली. बीजीएमआयचे मेरिट गुणही त्याच दिशेने जातात, फक्त चुकून लागलेल्या ग्रेनेडचे गुण आणि मुद्दाम टाकलेल्याचे गुण यात फरक करताना गोंधळ होतो.

एक गोष्ट चॅटशी संबंधित वाटत नाही, पण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच शिव्यांची सुरुवात लाइट जाण्यापासून होते. मॅचच्या मध्यात लाइट गेली, खेळाडू बाहेर पडला, टीम चारवर आली आणि तो परत येईपर्यंत चॅट पेटलेलं असतं. लॅपटॉप किंवा मोबाइलवर खेळणाऱ्याने राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींना 12 व्होल्टचा मिनी यूपीएस लावावा. नुसत्या राउटरला लावून उपयोग नाही, डबा बंद झाला की नेट गेलंच. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे अँपिअर बेरजेत मोजा. डेस्कटॉपचं अवघड आहे. 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॅटच झेपवतो, ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी मॅचमध्ये तेवढं सहज ओढतो. कॅफेवाल्यांनी निदान इन्व्हर्टर कधी चालू होतो, किती वेळ टिकतो हे बोर्डावर लिहावं.

मुलींबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. आवाज ऐकू आला की पहिल्याच मिनिटाला प्रश्न सुरू होतात: कुठली, कोणत्या क्लासला, इन्स्टा दे. लातूरच्या क्लासच्या मुली बहुतेक व्हॉइस बंद ठेवूनच खेळतात. म्यूटच्या बटणाने त्यांना शांतता मिळते, पण त्याची किंमत त्यांनीच मोजायची. माहिती त्यांना उशिरा मिळते, रँक त्यांची अडकते, आणि त्रास देणारा माइक चालू ठेवून मजेत खेळतो. चॅटबंदी यशस्वी झाली असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. तोवर व्यवहारी मार्ग म्हणजे दोघी-तिघींनी मिळून पार्टी करून जाणं, पार्टीचा व्हॉइस चालू आणि टीमचा बंद ठेवणं. व्हॅलोरंटमध्ये ही दोन्ही सेटिंग ऑडिओखाली व्हॉइस चॅटमध्ये वेगवेगळी आहेत.

रिपोर्ट करा, पण नीट करा. आवाज तपासणारी यंत्रं इंग्रजीपासून सुरू झाली आहेत. व्हॅलोरंटने 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत इंग्रजीवर सुरुवात केली, कॉल ऑफ ड्यूटीची 2023 ची व्यवस्थाही आधी इंग्रजीतच होती. त्यामुळे मराठी किंवा दखनी शिवी व्हॉइसवर आली तर नुसतं बटण दाबून थांबू नका. लिहायची चौकट असेल तिथे इंग्रजीत एका ओळीत टाका: भाषा कोणती, शिवी जातीवाचक की लैंगिक, कितव्या राउंडला, व्हॉइस की टेक्स्ट. प्रकार योग्य निवडा. मुद्दाम हरवणाऱ्याला 'शिवीगाळ' खाली टाकलं की चॅट तपासलं जातं, तिथे काही सापडत नाही आणि रिपोर्ट वाया जातो. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग करताना समोरच्याचं बोलणं नीट येतंय ना, हे आधी एकदा तपासा. जिवे मारण्याची, घरी येण्याची किंवा फोटो पसरवण्याची धमकी असेल तर गेमच्या रिपोर्टवर विसंबू नका. समोरच्याचा आयडी आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेऊन राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि त्यानंतरच त्याला ब्लॉक करा. आधी ब्लॉक केलं तर काही गेममध्ये त्याचं प्रोफाइल आणि जुने मेसेज दिसेनासे होतात.