गोकुळपेठेतला शनिवारचा एसएफएल क्लास, रिसर्चवाल्यांनी जरूर करा

माझी पीएचडी मराठी बातम्यांच्या भाषेवर आहे, गाईड म्हणाले हॅलिडे वाच (एसएफएल, म्हणजे सिस्टिमिक फंक्शनल लिंग्विस्टिक्स, ही भाषेकडे तिच्या कामावरून पाहायची पद्धत मांडणारे भाषाशास्त्रज्ञ), तर त्यांचं १९८५ चं फंक्शनल ग्रामरचं पुस्तक दोनदा उघडलं न् दोनदा मिटलं, डोक्यात काही शिरूनच नाही राहिलं. मग मैत्रिणीने हा क्लास सांगितला. सहा शनिवार, फी ३००० रुपये.

पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. ‘कंत्राटदाराने झाडं तोडली’, ‘झाडं तोडण्यात आली’, ‘वृक्षतोडीमुळे नागरिक संतप्त’. म्हणाल्या, तोडणारा कुठे गेला ते शोधा. दुसऱ्या ओळीत तो गळला, तिसरीत तर तोडणंच नाम होऊन बसलं, हॅलिडे यालाच ग्रामॅटिकल मेटाफर म्हणतात. दोन वर्षं मी अशाच हेडलाइन्स जमवून राहिली होती पण त्यात पाहायचं काय ते त्या दिवशी कळलं!

पण सगळ्यात भारी तिसरा शनिवार. ‘मला राग आला’ ही प्रोसेस, म्हणजे क्रियापदातली क्रिया, मटेरियल (काही करणं-घडणं) की मेंटल (मनात वाटणं-जाणणं) यावर दीड तास वाद. ‘येणे’ म्हटलं की मटेरियल वाटतं. इंग्रजीची टेस्ट अशी की मेंटल क्रियापद साध्या वर्तमानात येतं, आय नो म्हणतात, आय अ‍ॅम नोइंग नाही, पण आपल्याकडे ‘मला राग येतोय’ आरामात चालतं, म्हणजे ती टेस्ट इथे कामाची नाही. मग एकाने ‘भिंतीला राग आला’ म्हणून पाहिलं, ते जमेना, म्हणजे जाणीव असलेलं कुणीतरी लागतंच, मग मेंटल. मॅडमनी शेवटपर्यंत उत्तर सांगितलं नाही, आमच्याकडूनच काढून घेतलं. असं शिकवणारं कुणी मला एमएला भेटलं असतं तर!

थीमचा भाग मात्र घाईत उरकला. वाक्यात आधी येते ती थीम, म्हणजे वाक्य जिथून सुरू होतं तो मुद्दा, हा इंग्रजीचा नियम तसाच मराठीला लावला. आपण तर कर्ता सर्रास गाळतो, ‘जेवलीस का?’ यात थीम कोणती? विचारलं तेव्हा वेळ संपली होती. यासाठी एक शनिवार वाढवाच. झेरॉक्सही फार पुसट, प्रोसेसचे तक्ते मला घरी हाताने परत काढावे लागले.

जाताना स्वतःच्या डेटातली २०-२५ वाक्यं आणि पेन्सिल न्या. टॅगिंगसाठी, म्हणजे वाक्यांना अशी लेबलं लावायला, यूएएम कॉर्पसटूल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मॅडम आधी हातानेच क्लॉज (एका क्रियापदाभोवतीचा वाक्याचा तुकडा) पाडायला लावतात, आणि ते बरोबर आहे, कारण क्लॉज कुठे संपतो यावरच आमचं सगळ्यात जास्त अडत होतं.