जुन्या टाटा १२१० चे नव्याने बांधलेले इंजिन : पहिल्या सेल्फपासून आठ महिन्यांपर्यंत

आमच्या घरची टाटा १२१०, म्हणजे पुढे नाक असलेली जुनी गाडी, अकरा वर्षे शेडमध्ये उभी होती. केबिन, लाकडी बॉडी आणि वायरिंगचे काम उरकल्यावर इंजिन पूर्ण उतरवून बांधले आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात ते पहिल्यांदा सुरू केले. त्याला आता आठ महिने होत आले असून गाडी चार हजार दोनशे किलोमीटर चालली आहे. बहुतेक फेऱ्या यावल तालुक्यातील आमच्या मळ्यातून सावद्याकडे केळी नेण्याच्या झाल्या. इंजिन चांगले बांधले गेले, हे आता खात्रीने सांगता येते. त्याचे श्रेय मी सुरू करण्याच्या आधीच्या दोन तासांना देतो, आणि सुरुवातीला जे बिघडले ते पुढच्या तीन आठवड्यांतल्या माझ्या लाडांमुळे बिघडले.

इंजिन ६९७ जातीचे, सहा सिलिंडरचे आहे. ९७ मिलिमीटर बोअर आणि १२८ मिलिमीटर स्ट्रोक मिळून ते ५,६७५ सीसीचे होते. टेल्को (टाटांची तेव्हाची ट्रक कंपनी) आणि मर्सिडीजवाली डेमलर-बेंझ यांचा १९५४ चा करार १९६९ मध्ये संपला, तरी या इंजिनाची घडण मर्सिडीजच्या ओएम ३५२ या इंजिनाचीच राहिली, आणि म्हणूनच त्याची नस ओळखणारे मिस्त्री आपल्याकडे अजून सापडतात. आमचे मिस्त्री धुळ्याकडचे, आग्रा रोडवरच्या गॅरेजमध्ये हयात घालवलेले. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) घासून घेतली, लायनर (सिलिंडरच्या आतली नळी), पिस्टन आणि बेअरिंग नवे टाकले, डिझेलचा पंप व नोझल तपासून आणले. एवढे सगळे झाल्यावर चावी फिरवायला माझा हात शिवशिवत होता, पण मिस्त्रींनी चावी स्वतःच्या खिशात ठेवली.

त्यांचे म्हणणे अगदी थोडक्यात होते : “भाऊ, पहिले तेल चढू दे, मंग डिझेल.” महिनाभर उघडे पडलेले इंजिन जोडताना बेअरिंगला हाताने लावलेले तेल तेवढेच काय ते त्याच्या अंगाला असते, ऑइल पंप आणि गॅलरी, म्हणजे तेलाच्या आतल्या वाटा, कोरड्याच असतात. अशा स्थितीत इंजिन पेटले, तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच नव्या बेअरिंगवर ओरखडे उठतात आणि ते पुन्हा इंजिन उघडल्याशिवाय कोणाला दिसतही नाहीत. म्हणून त्यांनी रॉकरचे, म्हणजे वरच्या बाजूला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांचे, झाकण उघडे ठेवले, स्टॉपर ओढून पंपाचे डिझेल बंद केले आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून मध्ये सेल्फ थंड होऊ दिला. चौथ्या वेळी डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दाबाच्या घड्याळाचा काटा हलला. तरीही ते थांबले नाहीत; बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रॉकरच्या बुडाशी तेल ओघळताना दिसल्यावरच त्यांनी झाकण बसवले.

डिझेलची हवा काढण्यात मात्र आमचा घोळ झाला. फीड पंपाच्या हँडलने डिझेल चढवून आधी फिल्टरचा आणि नंतर पंपाचा स्क्रू ढिला केला, बुडबुडे थांबले, नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारल्यावर तिथूनही डिझेल आले. इंजिन लगेच पेटले, वीसेक सेकंद चालले आणि धाप लागल्यासारखे होऊन बंद पडले. दोनदा असेच झाले. गळती कुठेच दिसत नव्हती, आणि दिसणारही नव्हती, कारण फीड पंपाच्या आधीच्या जोडात दाब नसतो, ओढ असते. तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मिस्त्रींनी टाकीकडून येणाऱ्या पाइपच्या बोल्टभोवती ग्रीसचा जाड थर दिला आणि तिसऱ्या वेळी इंजिन चालतच राहिले. चार रुपये वाचवण्यासाठी मीच तिथे तांब्याचे जुने वायसर पुन्हा बसवले होते.

या सगळ्या वेळात माझा पुतण्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडाशी एक फळी आणि ओले गोणपाट घेऊन उभा होता. मला हे नाटक वाटले होते. पण पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली दांडी, पूर्ण डिझेलवर अडकला, तर इंजिन आवरत नाही; चावी बंद करून असे जुने डिझेल इंजिन थांबत नसते आणि रॅकच अडकला असेल तर स्टॉपरही काम करत नाही. तेव्हा हवा कोंडणे एवढाच उपाय उरतो. फळीची गरज पडली नाही, तरी पुढच्या वेळीही मी कोणाला तरी तिथे उभे करीन.

त्यानंतरची चूक माझी. नवे इंजिन जपायचे म्हणून मी तीन आठवडे गाडी रिकामीच फिरवली, आणि कोणी पाहुणा आला की अंगणात अर्धा-अर्धा तास स्लो सोडून आवाज ऐकवला. तीनशे किलोमीटरमध्ये दीड लिटर तेल कमी झाले, सायलेन्सरच्या तोंडाशी काळा ओशट थर जमला आणि धूर निळसर येऊ लागला. पिस्टनवरच्या रिंगा लायनरवर बसायला सिलिंडरमध्ये पुरेसा दाब लागतो. रिकाम्या इंजिनात तो मिळत नाही आणि लायनरवर तेलाची चकाकी चढून रिंगा नुसत्या घसरत राहतात. मिस्त्रींनी फोनवर मला चांगलेच झापले. मग पाऊण भार माती भरून रावेरहून पालच्या चढावर गाडी नेली, गिअर वेळेवर उतरवत, इंजिनाला घुसमटू न देता. अशा पाच-सहा फेऱ्यांनंतर निळा धूर गेला. पाचशे किलोमीटरला तेल बदलले, हेडचे बोल्ट पुन्हा आवळले आणि टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवली. आता दोन ऑइल बदलांच्या मध्ये अर्धा लिटरसुद्धा घालावे लागत नाही.

जानेवारीतल्या थंडीत सकाळी मिनिटभर पांढरा धूर येई, पण या इंजिनाला हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारा प्लग, नसल्याने मी त्याची काळजी केली नाही. खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा ४४ च्या वर असताना भरल्या गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा लाल खुणेजवळ गेला, आणि दोष वॉटर पंपाच्या सीलमध्ये निघाला. पंप जुनाच ठेवण्याचा आग्रह माझाच होता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार?

तक्रार आहे ती क्रँकच्या मागच्या सीलची. ज्या दुकानात क्रँक घासली तिथे सीलच्या जागेवरची जुनी चर तशीच सोडली, आणि मीही ती बोट फिरवून पाहिली नाही. ते काम करायचे तर गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवणे आले, म्हणून केळीची कापणी आटोपेपर्यंत थांबलो आहे. रात्री इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे सरकवतो. सकाळी त्यात चमचाभर तेल असते.