गाभण कालवड विकत आणावी, की घरची पाडी वाढवावी?

जुनी गाय काढायची वेळ आली की तीन वाटा समोर असतात: गाभण कालवड आणणं, घरची पाडी वाढवणं किंवा दुसऱ्या वेताची दुभती गाय घेणं. दुभत्या गाईचं दूध निदान काढून बघता येतं. गाभण कालवडीचं दूध, सड, आजार, व्यायची अडचण यातलं बरंचसं ती व्यायल्यावरच कळतं, पैसे मात्र आधी मोजावे लागतात. इथं एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित जनावर धरलं आहे. खिलार या देशी जातीचा हिशोब वेगळा.

घरची वाढवायची तर

कालवड २८ ते ३० महिन्यांत व्यायली तर परवडते. त्यासाठी १५-१६ महिन्यांत तिचं वजन २५० किलोच्या पुढं गेलं पाहिजे, म्हणजे जन्मापासून रोज साधारण अर्धा किलो वाढ. काटा नसला तर टेप घ्या: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी, सगळं इंचांत, भागिले ६६०. घेर ६० आणि लांबी ५० असली की वजन सुमारे २७३ किलो भरतं.

वासराला पहिले दोन महिने रोज ३ लिटर धरलं तर दूध १८० लिटर जातं. व्याईपर्यंत खुराक ११०० ते १२०० किलो, हिरवी वैरण ७ ते ८ टन. दूध ३२ रुपये लिटर, खुराक ३० रुपये आणि वैरण २ रुपये किलो धरली तर ५३ ते ५८ हजार झाले. औषधं, रेतन, मजुरी आणि मेलेल्या वासरांचा वाटा यावर. तुमच्याकडचे दर घालून पुन्हा मांडा.

हा हिशोब कोसळतो तो एकाच कारणानं. कालवड दूध देत नाही, म्हणून वैरण कमी पडली की पहिला तिचा खुराक तुटतो. मग २८ महिन्यांचे ३६ होतात आणि ते आठ महिने नुसते पोसण्यात जातात. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत उन्हाळी वैरण विकत घ्यावी लागते, तिथं हे हमखास होतं. कराड, वाळवा, पलूसकडं हंगामात उसाचं वाढं (शेंड्याची हिरवी पानं) मिळतं, पण वाढ्यातल्या ऑक्झलेट या घटकामुळं कॅल्शियम अंगी लागत नाही. नुसत्या वाढ्यावर कालवड वाढवू नका; मका किंवा कडबा जोडीला आणि खनिज मिश्रण रोज हवंच.

दहा गाईंच्या गोठ्यात वर्षाला आठ वेतं धरा. चार पाड्या होतील, त्यातल्या दोन-तीन धड वाढतील. वर्षाला दोन गाई बदलायला त्या पुरतात, दहाच्या वीस करायला पुरत नाहीत. लिंगनिश्चित रेतनाच्या कांडीनं (पाडीच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याच्या नळीनं) दहात नऊ पाड्या मिळू शकतात, मात्र गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं. ती कांडी वारंवार उलटणाऱ्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहणाऱ्या, गाईवर वाया घालवू नये.

विकतची गाभण कालवड

आधी तोंड उघडून बघा. वेळेत गाभण राहिलेली कालवड दोनदाती (दोन पक्के दात आलेली) असते, फार तर चारदाती. सहादाती जनावर ‘पहिलारू’ म्हणून दाखवलं तर ते बरेच दिवस माजावर आलं नाही, उलटत राहिलं किंवा मधे गाभडलं, यातलं काहीतरी घडलेलं असतं. दलाल त्यावर बोलणार नाही.

महिने स्वतःच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नाही. हातानं तपासणी अडीच-तीन महिन्यांपासून भरवशाची, पण पाचव्या महिन्याच्या आसपास गर्भ खाली पोटात उतरतो आणि महिना सांगण्यात चूक होते. ‘सातवा चालू’ म्हणून आणलेली कालवड पाचव्यात निघाली तर दोन महिने जास्त पोसा. उलटी चूक झाली तर ती घरी पोचून आठवड्यात व्यायची. म्हणून रेतनाची तारीख आणि वळूचा क्रमांक मागा. कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावरून सरकारच्या भारत पशुधन या ऑनलाइन प्रणालीत नोंद सापडली तर उत्तम. गावच्या वळूनं भरवलेली असेल तर वासरू केवढं येईल याचा अंदाज नाही, आणि वळूकडून आलेला गर्भाशयाचा संसर्गही सोबत येऊ शकतो.

कास बघताना चारही सड हातानं चाचपा. एखादा आतून दोरीसारखा कडक लागला तर लहानपणी दुसऱ्या वासरांनी चोखून तो गेलेला असू शकतो. पण चीक येतो का बघायला सड पिळू नका. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते. ती निघाली की जंतूंना वाट मोकळी आणि व्यायल्याबरोबर दगडी (कासेची सूज).

सगळ्यात मोठा धोका ब्रुसेलोसिसचा, म्हणजे जनावर गाभडवणाऱ्या संसर्गजन्य आजाराचा. लागण झालेली गाभण कालवड तपासणीत निर्दोष दिसू शकते आणि व्यायल्यावर किंवा गाभडल्यावर सदोष निघते. त्यामुळं एक रक्ततपासणी सौद्याआधी आणि दुसरी व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांनी, दोन्ही लागतात. ४ ते ८ महिन्यांच्या वयात लस झाल्याची नोंद आहे का तेही विचारा. लस उशिरा टोचली असेल तर रक्त उगीच सदोष दिसतं. नमुना कसा आणि कुठं पाठवायचा ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. हा आजार माणसालाही होतो. गाभडलेलं वासरू आणि जार (व्यायल्यावर पडणारी वार) उघड्या हातानं उचलू नका, चुना टाकून खोल पुरा.

बंगळूरकडून किंवा लांबच्या बाजारातून आणलेल्या जनावरात गोचीड तापाची भीती वेगळी. इथल्या गोचिडांची सवय नसलेलं संकरित जनावर प्रवासाच्या ताणात पटकन आजारी पडतं: ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळे पांढरे.

आणायचा काळ पाचवा ते सातवा महिना. शेवटच्या महिन्यात आणली तर तुमच्या गोठ्यातल्या जंतूंविरुद्धची ताकद चिकात उतरायला वेळ मिळत नाही, मग वासरू हगवणीनं जातं. प्रवासात व्यायची शक्यता असलेलं जनावर १९७८ च्या वाहतूक नियमांनुसारही प्रवासाला अपात्र आहे. डॉक्टरांचा दाखला आणि खरेदीची पावती गाडीतच ठेवा.

दुभती गाय

किंमत जास्त, पण दूध समोर. तुंबवलेल्या कासेवर भुलू नका: आधी एकदा पूर्ण काढायला लावून पुढच्या दोन धारा स्वतः मोजा. चारही सडांची सीएमटी चाचणी (छुपी दगडी ओळखायची) करा. चांगली दुसऱ्या वेताची गाय मालक का विकतोय, हे मात्र गावात विचारल्याशिवाय कळत नाही.

मग कुणी काय करावं

वर्षाला एक-दोन गाई बदलायच्या आणि वैरण स्वतःची असेल तर घरच्याच पाड्या. गोठा वाढवायचा असेल तर गाभण कालवडी घ्या, पण बाजारातून न घेता आसपासच्या गोठ्यातून, जिथं तिची आई दावणीला उभी आहे आणि आईच्या दुधाची नोंद दूध संस्थेच्या वहीत आहे. एकदम पाच आणण्यापेक्षा दोन आणा. घरात आजच दूध हवं असेल, हप्ता सुरू असेल, तर दुभती गाय. कालवडीवर कर्ज काढून पहिले तीन-चार महिने हप्ता कशातून भरणार?

इसार देताना कागदावर तीन ओळी लिहून घ्या: गाभण महिना, चारही सड चालू, ब्रुसेला निर्दोष, नाहीतर जनावर परत. आणल्यावर निदान २१ दिवस वेगळी बांधा, तिची बादली आणि पाटी वेगळी, तिचं काम सगळ्यात शेवटी. विकणाऱ्याकडूनच त्याच्या मुरघासाच्या आणि खुराकाच्या आठवडाभर पुरतील एवढ्या पिशव्या विकत घ्या आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू आपल्या वैरणीवर आणा. व्यायल्यानंतरची दुसरी तपासणी होईपर्यंत तिचा जार-चीक इतर गाईंच्या गव्हाणीजवळ येऊ देऊ नका.