सावंतवाडीच्या चितार आळीतला मोठा भोवरा : पोरांना घ्या, फिजिक्ससाठी पण घ्या

चितार आळीत गेलं की सगळे लाकडी फळं नाहीतर पोळपाट घेतात, आम्ही अकरावी सायन्सच्या भाचीसाठी दोन भोवरे घेतले, एक छोटा एक मोठा, आणि मोठा खरंच भारी निघाला. कातकाम गुळगुळीत, रंगाच्या पट्ट्या नखाने खरवडल्या तरी जात नाहीत, मोठ्याची आर अगदी मधोमध. छोट्याची आर, म्हणजे खालचा खिळा, जरा तिरकी होती म्हणून तो थडथडायचा, दुकानातल्या काकांनी लगेच बदलून दिला.

भाचीला अँग्युलर मोमेंटम, म्हणजे कोनीय संवेग (वस्तू किती जड, तिचं वजन मधल्या आसापासून किती लांब आणि ती किती वेगाने फिरते, ह्यावर ठरणारं फिरण्याचं माप), नुसत्या सूत्रावरून काही केल्या कळत नव्हता. मग मोठ्यावर खडूने ठिपका काढला, कोब्यावर फिरवला, मोबाइलवर स्लो-मोशन घेतलं, सेकंदाला साधारण 20 फेरे. वजन 80 ग्रॅम, रुंदी 5 सेंटीमीटर, हिशोब आला जवळपास 0.002 जूल-सेकंद (हे कोनीय संवेगाचं एकक). आकडा फुटकळ वाटतो, पण इलेक्ट्रॉनच्या स्पिनपेक्षा, म्हणजे त्याच्या अंगच्याच कोनीय संवेगापेक्षा, हा एकावर 31 शून्यं एवढ्या पटींनी मोठा, आणि पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा संवेग ह्याच्या एकावर 36 शून्यं एवढ्या पटींनी मोठा! म्हणजे शून्यं मोजली तर भोवरा साधारण दोघांच्या मधेच बसतो, हे बघून भाची नुसती बघतच राहिली.

साइजचा फरक तर फारच पडतो. त्याच लाकडाचा, त्याच घडणीचा भोवरा सगळीकडून दुप्पट केला आणि सेकंदाला तेवढेच फेरे दिले तर संवेग 32 पट: वजन 8 पट, आणि लाकूड आसापासून दुप्पट लांब म्हणून वर आणखी 4 पट. अंतराचा हाच खेळ वर आकाशात पण आहे, सूर्यमालेचं 99 टक्क्यांहून जास्त वस्तुमान सूर्याकडे पण स्वतःभोवती फिरण्याचा त्याचा संवेग एकूणच्या टक्काभरही नाही, निम्म्याहून जास्त एकट्या गुरूकडे, कारण तो एवढ्या लांबून सूर्याभोवती फिरतो.

आणि आपण किनाऱ्यावरची माणसं, भरती-ओहोटी रोजची. त्या पाण्याच्या घर्षणाने पृथ्वीचा वेग हळूहळू कमी होतो, तो संवेग चंद्राला मिळतो आणि चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर लांब सरकतो, अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलंय. भोवरा थांबतो तेव्हा त्याचा संवेग पण पृथ्वीलाच जातो, जमिनीतून आणि हवेतून.

सोबतची दोरी मात्र बारीक आहे, पटकन सुटते, जाड सुती दोरी वेगळी घ्या. आणि निवडताना मोठाच घ्या, तिथेच एकदा फिरवून आर सरळ आहे ना बघा.