लग्नातले फोटो गोळा करून देणारा 'क्यूआर'वाला

फोटोग्राफरचा अल्बम येतो, सगळे त्यात ताठ उभे असतात. खरी गंमत पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये अडकलेली असते, आणि ती मिळवता मिळवता वर्ष सरतं. बहिणीच्या लग्नात नेमकी हीच नस एका पोरानं पकडली. कार्यालयाच्या मॅनेजरच्या ओळखीनं आला. "दारात स्टँडी लावतो, पाहुणे स्कॅन करतील, फोटो आपोआप जमा होतील, तुम्हाला एकच लिंक." दर एवढा कमी की घासाघीस करायलाही लाज वाटावी.

स्कॅन केलं की पान उघडायचं: नाव, मोबाइल नंबर, वरपक्ष की वधूपक्ष, आणि मग फोटो. फोटो टाकायला नंबर कशाला, हे लग्नघरात कोण विचारणार? निम्मं गाव नंबर देऊन मोकळं झालं.

मंगलाष्टकं संपता संपता आजीनं मूठभर अक्षता थेट व्याह्यांच्या फेट्यावर भिरकावल्या आणि तोंडाला पदर लावून हसली. तो फोटो आतेभावानं काढला, अपलोड केला आणि फोन भरला म्हणून मोबाइलमधून उडवलाही.

लग्नानंतर लिंक आली. फोटो सगळे होते, पण धुरकट, आणि आजीच्या कपाळावर आडवं 'प्रिव्ह्यू'. ओरिजिनल हवे असतील तर वेगळे पैसे. तेही ठरल्याच्या कितीतरी पट, आणि मुदतीत भरले नाहीत तर 'सर्व्हरवरून डिलीट'. हे बोलण्यात कधी आलंच नव्हतं. लेखी काही नव्हतं, व्यवहार यूपीआयवर एका बाईच्या नावानं. मॅनेजरनं हात वर केले.

पण हे परवडलं म्हणायची पाळी पुढे आली. पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले: 'लग्नातले तुमचे फोटो पाहा', खाली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. लग्नाची तारीख, कार्यालयाचं नाव, सगळं बरोबर. एका काकांनी ती फोनमध्ये टाकली, एसएमएसची परवानगी दिली, म्हणजे ओटीपी परस्पर चोरांच्या हाती. खात्यातून पैसे गेले. नंबर त्या पोरानं विकले की त्याचाच उद्योग, ते पोलीस पाहताहेत.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला म्हणून काकांची थोडी रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली. cybercrime.gov.in या नावानं चालणाऱ्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकली. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट तिथं उपयोगी पडले. पोराच्या खंडणीला मात्र आम्ही दाद दिली नाही. आतेभावाच्या गॅलरीतला ट्रॅश उघडला, तर आजी तिथंच होती. बहुतेक फोनमध्ये उडवलेले फोटो साधारण 30 दिवस पडून असतात. मग एकेका पाहुण्याला फोन करून म्हटलं, काही पुसू नका, व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते आकसून येतात.

धाकट्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही क्यूआर स्वतःच केला. आपल्याच गूगल खात्यात शेअर्ड अल्बम, त्याच्या लिंकचा कोड छापून टेबलांवर. कुणाचा नंबर मागायचा नाही, आणि वर ठळक अक्षरांत एक ओळ: 'आम्ही कुठलंही ॲप पाठवणार नाही.' एवढं करूनही एका मामांनी विचारलंच, "अरे, ॲप कधी पाठवतोस?"

कुणी अशी फाइल उघडलीच असेल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं गोठवा आणि तिथूनच 1930 लावा. ॲप काढून टाकण्याआधी त्याचं नाव आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, पोलीस पहिल्यांदा तेच मागतात.